टेपवाल्या भाऊजींची तिसरी पायरी

टेपवाले भाऊजी आमच्याकडे आले की आधी दाराची चौकट मोजायचे, मग चपला काढायचे. खिशात मोजायची पोलादी टेप कायम. चौकट काय वाढणार आहे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "चौकट नाही वहिनी, टेप तपासतो. वापरून वापरून टोक सैल होतं, मग ती खोटं बोलते."

आडनाव त्यांना होतं, पण इकडे उत्तरेत, सेक्टर बावीसमधल्या आम्हा मराठी घरांत ते टेपवालेच. मूळचे सांगलीचे. शहराबाहेरच्या बसच्या कारखान्यात इंजिनिअर होते. तिथे जपानी नकाशांवरून मध्यम आकाराच्या बस तयार होत होत्या, आखूड, मधली आणि लांब. ते नकाशे भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात पसरायचे. मी चौथी शिकलेली. मला काही कळत नाही, असं मी तोंडावर सांगायचे. ते म्हणायचे, "कागदावर माणूस चढत नाही वहिनी. म्हणून तुम्हाला दाखवतो."

नमुन्याची पहिली बस उभी राहिली तेव्हा संक्रांत झालेली होती. भाऊजींनी डोकं लढवलं आणि इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू कारखान्याच्या आवारातच ठेवलं. काठापदराच्या साड्या नेसलेल्या पंचवीस बायका, प्रत्येकीच्या हातात वाणाची स्टीलची वाटी. सगळ्यांना बसमध्ये चढवलं, उतरवलं. नकाशांबरोबर आलेले जपानी साहेब वही घेऊन उभे. चढायला त्रास झाला का, असं एकेकीला विचारलं. एकेकीने सांगितलं, छान आहे. भाऊजींनी दोन पायऱ्यांच्या नकाशावर सही केली.

संध्याकाळी खुशीत आमच्याकडे आले. मी म्हटलं, "हळदीकुंकवाला आलेली बाई यजमानाच्या वस्तूला नावं ठेवते होय? मी बसच्या दारातच कुंकू लावत होते. वाटी मागचीच्या हातात द्यायची, निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलायच्या आणि दांडीला लोंबकळून चढायचं. सगळ्यांचं तेच."

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. खिशातली टेप काढून समोर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे आज माझी टेप खोटं बोलली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली सही मागे घेतली. तिसरी पायरी घालायची तर आत एक सीट कमी होत होती. वरचे साहेब भडकले. गिऱ्हाईक सीटा मोजून बस घेतं, पायऱ्या कोण मोजतो, असं म्हणाले. भाऊजींची बढती त्याच साहेबांच्या हातात होती. माझ्या यजमानांनी त्यांना समजावलं, पण ते हटले नाहीत.

रविवारी भाऊजी जपानी साहेबांनाच घरी घेऊन आले. जे पाहिलं ते मी पुन्हा सांगितलं, भाऊजींनी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझी एक साडी मागितली. कारखान्यात नेऊन मीच ती त्यांना नेसवली आणि हातात पिठाचा डबा दिला. पहिली पायरी ते कसेबसे चढले. दुसरीवर निऱ्यांत पाय अडकून डब्यासकट बसले. अंगभर पीठ. कोणी हसलं नाही, मी सोडून. साहेब तसेच उठले आणि नकाशावर लाल पेन्सिलीने तिसरी पायरी काढली.

बढती दुसऱ्याला मिळाली. भाऊजी निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीवर राहिले. तुम्ही मूर्ख आहात, असं मी त्यांना सांगितलं होतं. ते हसले आणि चौकट मोजून घरी गेले.

निवृत्तीनंतर ते सांगलीला परतले. दोन वर्षांपूर्वी तिथेच गेले. बातमी फोनवर कळली. रडले नाही, वय झालं होतं त्यांचं.

मागच्या महिन्यात त्याच कारखान्याच्या बसने चंडीमंदिरला निघाले. गुडघा ऑपरेशनचा, दोन्ही हातांत पिशव्या. कंडक्टर म्हणाला, "माताजी, हाथ दूँ?" मी नको म्हटलं आणि चढले. शेजारच्या पंजाबी बाईला सांगितलं, ही तिसरी पायरी आमच्या भाऊजींनी भांडून घालायला लावली. तिने वळून दाराकडे पाहिलं. म्हणाली, "तीन हैं? मैंने तो ध्यान ही नहीं दिया।"

भाऊजींना नेमकं हेच हवं होतं.