शिवलेलं पान

भोरच्या एसटी स्टँडवर मी वेल्ह्याच्या गाडीची वाट पाहत होते. पिशवीत धोंडाबाईंसाठी घेतलेलं दुसरं पुस्तक होतं. ओळखीच्या कंडक्टरने मला पाहिलं आणि मान हलवली. "बाई, आता कुनाकडं चालला? गुंजवण्याच्या वरल्या वस्तीवरची तुमची म्हातारी गेली की. आज पाचवा दिस." तरीही मी गाडीत बसले... माघारी फिरायचं सुचलंच नाही.

निवृत्तीनंतर मी चालवत असलेल्या साक्षरता वर्गात धोंडाबाई सगळ्यांत थोरल्या. सत्तरीच्या पुढच्या, सगळा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागे गेलेला. भर दुपारी शेळ्या सावलीला बसल्या की आमचा वर्ग भरायचा. मी एक वाक्य वाचायची, त्या बोट ठेवून माझ्यामागून वाचायच्या, जरा रेंगाळत. गुडघे दुखायचे, झोप लागायची नाही; पण पुस्तक हाती आल्यापासून म्हातारी तरतरीत झाली होती, सुनेशी भांडणंही कमी झाली होती. सून सगुणा हसून म्हणायची, "बाई, हे आवशिद आदी का न्हाई आनलं?"

एक खोड मात्र होती. पुस्तकाचं शेवटचं पान त्यांनी गोधडीच्या दोऱ्याने कव्हराला शिवून टाकलं होतं. "कणगी कुनी पुरती रिकामी करतं व्हय? तळाला मूठभर दाणं ऱ्हाऊ द्यायचं. न्हाईतर पुन्यांदा भरत न्हाई ती." मी हसण्यावारी नेलं. पुढे तपासणी जवळ आली. पूर्ण पुस्तक वाचेल त्यालाच साक्षर धरणार होते, आणि मला माझ्या वर्गात एकही नापास नको होता. मी कात्रीने टाके कापले. त्यांनी अडवलं नाही. पान वाचलं, एकही चूक न करता, आणि माझा हात धरला. भर उन्हात त्यांचा हात गार लागला. "आता दुसरं लगीच आना, बाई. पुढं कायतरी वाचायचं ऱ्हायलं पायजे."

"गुरुवारी आणते," मी म्हटलं. त्या गुरुवारी तपासणीचे कागद भरत बसले. पुढच्या गुरुवारी पाहुणे आले. तिसऱ्या गुरुवारी स्टँडवर गेले, तेव्हा कंडक्टर भेटला.

वस्तीवर सगुणाने त्यांचं पुस्तक माझ्या हाती दिलं. शेवटचं पान पुन्हा शिवलेलं होतं, बारीक, सरळ टाक्यांनी.

"तू शिवलंस?"

"न्हाई, बाई. आत्याबाईंस्नी सुई ओवून द्याया कायम मीच लागायची. तेवढं बारीक कुठं दिसत व्हतं? आन् ह्या खेपंला त्यांनी मला हाक मारलीच न्हाई."

आम्ही दोघी त्या टाक्यांकडे बघत राहिलो.

वय झालं होतं, असं लोक म्हणतात. मलाही ते कळतं. पण शब्द देऊन मी पुस्तक नेलं नाही, याला त्यांचं वय काय करणार? ते मनातून जात नाही.

तेव्हापासून रोज दुपारी मी नवं पुस्तक उघडते, शेजारी त्यांचं ठेवते. एक वाक्य मोठ्याने वाचते आणि थांबते... पुढचं घाईने घेतलं की कुणीतरी मागे राहिल्यासारखं वाटतं, मग तेच पुन्हा वाचते. असा दीड महिना गेला. काल शेवटून दुसरं पान संपलं. मी सुई-दोरा काढून बसले. माझीही साठी उलटली. चष्मा लावूनसुद्धा मला सुई ओवता येत नाही, दर वेळी शेजारच्या नजमाला बोलवावं लागतं. कालही तिला हाक मारायला मान वळवली, आणि पुन्हा हाताकडे पाहिलं, तर दोरा ओवलेला होता.