टेल गाडीचा हवालदार

कॅप्टन असताना माझं पोस्टिंग लडाखमध्ये होतं. काम रसद पोचवण्याचं. त्या दिवशी कॉन्व्हॉयमध्ये अकरा गाड्या होत्या, वरच्या पोस्टसाठी रॉकेल आणि पीठ. पहिल्या गाडीत मी. शेवटच्या, म्हणजे टेल गाडीत हवालदार रामटेके. मी नागपुरातल्या धरमपेठची, ते जवळच्याच कामठीचे.

माझा नियम होता, दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक गाडीने वायरलेस सेटवर रिपोर्ट द्यायचा. गाड्यांमधलं अंतर चुकलं की मी कॉन्व्हॉय थांबवायचे. रामटेके एकदा सेटवरच म्हणाले, "मॅडम, पोरं गाडी चालवून राहिले का तुमाले उत्तरं देऊन राहिले?" सेटवर फक्त हिंदी बोला, असं मी त्यांना सुनावलं.

वाटेत एक नाला होता. दुपारी बर्फ वितळून त्याचं पाणी चढतं, म्हणून तो बाराच्या आत ओलांडायचा. मी तीनदा थांबवल्यामुळे आम्ही १३२० ला, म्हणजे दुपारी एक वीसला पोचलो. तिथेच मुक्काम करायला हवा होता. उशीर कबूल करायची लाज वाटली. "चलो," म्हणाले.

सहा गाड्या पार झाल्या. सातवी मधोमध बंद पडली. आत दोन जवान, पाणी दारापर्यंत. पलीकडच्या काठावरून मी सेटवर ओरडत होते. "पीछे लो! नहीं, उतरो! रुको, रुको!"

मग रामटेक्यांचा आवाज आला. मराठीत.

"मॅडम, चूप बसा जरा. पोरगा काय काय ऐकंन?"

मी बटण सोडलं. पुन्हा दाबलं. सगळ्या गाड्या ऐकत होत्या.

"मला कळत नाहीये, रामटेके. मी घाबरलेय. उशीर माझ्यामुळे झाला. तुम्हाला काय दिसतंय?"

"डाव्या अंगानं पाणी कमी हाय. दोर बांधून मी जातो. माह्यावर सोडा."

"सोडलं. ऑर्डर तुमच्या. ओव्हर."

सेट ड्रायव्हरकडे देऊन ते उतरले. एकवीस मिनिटं मी बटण दाबलं नाही. इतकं कठीण काम मी फौजेत दुसरं केलं नाही.

१४०५ ला पहिला जवान काठावर आला. दुसऱ्याला त्यांनी स्वतःच्या कमरेचा दोर सोडून बांधला. तो १४११ ला आला. दोर परत फेकेपर्यंत रामटेके गाडीला धरून उभे होते. दोर पोचण्याआधी लोंढा पोचला आणि ते वाहून गेले.

चौकशीत मी उशीर माझा असल्याचं लिहून दिलं. मग कामठीला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तुमी नाही म्हटलं असतं तं गेले असते काय ते?"

"नाही. माझ्या ऑर्डरशिवाय ते पाण्यात उतरले नसते."

"मंग त्या दोन पोरायचं काय झालं असतं?"

"वाचले नसते."

"आमच्या ह्याइले पोहता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमाले मालूम होतं?"

नव्हतं. दर पंधरा मिनिटांनी रिपोर्ट घेणाऱ्या मला ते माहीत नव्हतं.

आता फौज सोडलीय. नागपुरातच एका गोदामात चाळीस माणसं माझ्या हाताखाली आहेत. चूक झाली की आधी माझी सांगते, मग त्यांची विचारते. लोक खरं बोलतात. काम नीट चालतं. तरी संध्याकाळी शटर ओढताना वाटतं, रामटेके एकदा समोर यावेत. नाल्याचं काही बोलायचं नाही. फक्त विचारायचं, पोहता येतं का तुम्हाला?