दौलताबाद रोडवरचं वकिलांचं घर

बांधकामाच्या ऑफिसात चुना-विटांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. त्यातून आमचे इंजिनिअर सिद्दिकीसाहेब विलायतेहून शिकून आलेले! निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. ऑफिसात आम्ही तिघंच. साहेब, करीमचाचा मिस्त्री आणि नकाशे काढणारा मी. एका घरानं आम्हा तिघांना जेवढं गोंधळात टाकलं, तेवढं पुढं कुणीच टाकलं नाय.

*

दौलताबाद रोडवर बापूसाहेब वकिलांनी एक टेकडी घेतली. नुसता काळा खडक, मध्ये मध्ये निवडुंग. बापूसाहेब म्हणाले, "सुरुंग लावा, सपाट करा, वर बंगला बांधा."

साहेब दिवसभर टेकडीभोवती फिरले. खडकावर बसले, उठले, पुन्हा बसले. संध्याकाळी म्हणाले, "वकीलसाब, टेकडी कू नक्को छेडो. हम घर कू समझाते."

बापूसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "म्हणजे काय रे?"

"मला बी नाय कळलं, साहेब!"

*

मग प्लॅन झाला. एकही खोली दुसरीच्या लेव्हलला नाय. खडक जसा उतरेल तसं घर उतरत गेलेलं. बापूसाहेबांनी विचारलं, "तळमजला कुठला?"

साहेब म्हणाले, "आप जहाँ खडे, वोइच."

अदालतीत दिवसभर बोलणारा माणूस, पण वाद न घालता प्लॅन घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी हसत हसत आला. "आता समजलं! जिना मागून, बैठक पुढं. फर्स्ट क्लास!"

आम्ही बघितलं तर प्लॅन उलटा धरलेला!

साहेब बराच वेळ त्या उलट्या कागदाकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "ऐसा भी अच्छा दिखरा."

जिना मागूनच घेतला.

*

भिंती उभ्या राहिल्यावर वकिलीणबाई घर बघायला आल्या. शहरातल्या गजबजलेल्या गुलमंडीत जन्म गेलेला, शेजारणींच्या हाकेच्या अंतरावर. स्वयंपाकघरात शिरल्या आणि थबकल्या. एका बाजूला भिंतच नाय, टेकडीचा खडक सरळ आत आलेला!

"हे काढा आधी," बाई म्हणाल्या.

साहेब कधी नाय ते शुद्ध मराठीत बोलले. "बाई, हा काढला तर वरची खोली खाली येईल."

बाईंनी खडकावर हात ठेवला. वैशाखाचं ऊन भाजत होतं, पण खडक गारेगार. हात तसाच ठेवून बाई म्हणाल्या, "इथं दही छान राहील."

साहेबांचा चेहरा उजळला.

"दही ठेवीन आणि गुलमंडीला परत जाईन," बाई म्हणाल्या. "मी काय इथं राहायची नाय!"

*

तरी बापूसाहेबांनी कसंबसं समजावून बाईंना तिथं आणलं. पहिला पाहुणा म्हणून पैठणचे मामा येणार होते. ताटं मांडून दोघं खाली वाट बघत बसले.

आता त्या घराची गंमत अशी, की रस्ता वरून जायचा आणि गच्ची रस्त्याला लागूनच. मामा टांग्यातून उतरले, चार पावलं चालले, इकडं तिकडं बघितलं. सपाट फरशी, बाजूला हातभर कठडा. बस्स!

खाली बापूसाहेब बाईंना म्हणाले, "वर कोण चालतंय गं?"

तोवर मामा टांग्यात बसून परत. सगळ्या पैठणला सांगत सुटले, "बापूचं घर अजून जोत्याच्या वर गेलं नाय!"

*

पुढं एकदा बापूसाहेब ऑफिसात आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. आमच्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "परवा आमचं भांडण झालं. ती म्हणाली, मी चालले. मी म्हटलं, जा. खरंच गेली हो! कुठल्या तोंडानं गुलमंडीला आणायला जाऊ?"

करीमचाचांनी पाणी दिलं. बापूसाहेबांनी ते तसंच हातात धरलं. "साहेब, तुमच्या घरापायी माझा संसार मोडला."

सिद्दिकीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्या घरावर लई जीव त्यांचा. उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "चाचा, सुरुंगवाले कू बुलाव. सब सपाट करके दूसरा बांध देते."

तेवढ्यात दारात टांगा थांबला. आतून उतरल्या वकिलीणबाई, मागं त्यांची स्वयंपाकीण गंगूबाई. बाई रडतच आत आल्या. "साहेब, काहीतरी करा! आमचे हे परवापासून घरी नाहीत. भांडून गेले ते..."

आणि खुर्चीत बापूसाहेब दिसले.

"तुम्ही कुठं होता?"

"मी घरीच होतो! वरच्या खोलीत. तू कुठं होतीस?"

"मी पण घरीच! खाली!"

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. बापूसाहेब गंगूबाईकडं वळले. "गंगूबाई, मला वर जेवायला कोण वाढत होतं?"

"म्या."

"आणि बाईंना खाली?"

"म्याच की."

"अगं मग सांगितलं का नाय?"

गंगूबाई म्हणाली, "आता काय सांगू? दोघं बी पोटभर जेवत व्हता. म्या म्हनलं, बरं चाललंय!"