मुडदेकरांचा बीभत्स रस

गल्लीत त्यांना सगळे मुडदेकर म्हणत, आणि त्यांना ते आवडे. रहस्यकथांच्या नावाखाली त्यांनी आयुष्यभर लोकांची आतडी बाहेर काढली होती. एकेका पुस्तकात इतके मुडदे पडत, की शेवटी खुनी शोधावा लागतच नसे. जिवंत उरलेला तोच असे. प्रत्यक्षात गृहस्थ शेळी. झुरळ मारायला बायको लागे, दाढी करताना कापलं तर भोवळ येई.

‘बीभत्स’ या शब्दावर मात्र त्यांचा भारी जीव. पाहुण्याचं पाणी पिऊन होत नाही तोच व्युत्पत्ती सुरू: संस्कृतातला हा शब्द मुळात वस्तूबद्दल नाहीच, तिच्यापासून दूर व्हावंसं वाटण्याबद्दल आहे, किळस बघणाऱ्याच्या मनात असते, बिचाऱ्या मुडद्यात नव्हे. आणि जो तोंड फिरवत नाही तो लेखक, असं म्हणून ते चष्मा पुसत. बायको चहाचा ट्रे धरून ऐकत उभी असे. तिला ते सगळं पाठ झालं होतं.

मग तिच्या पाठीवर गळू झालं. डॉक्टरांनी ते कापलं आणि जखम रोज धुऊन नवी पट्टी लावायला सांगितलं. हयगय झाली तर पुन्हा पू धरेल, पुन्हा कापावं लागेल. तिचा हात तिथवर पोचेना. घरात दोघंच. मुडदेकरांनी मान डोलावली, तेवढीच काय ती हिंमत.

आधी त्यांना महत्त्वाचा फोन आला, मग पुस्तकाचं प्रकरण पुरं करायचं निघालं. शेवटी शेजारीणच रोज येऊन पट्टी बदलून जाई. ती परगावी गेली आणि पट्टीला वास येऊ लागला. आता पळवाट उरली नाही. मुडदेकरांनी पट्टी सोडली आणि खिडकीकडे बघत अंदाजाने पुसायला घेतलं. कापूस जखम सोडून सगळीकडे फिरला.

“तोंड फिरवलंत ना?” बायकोने शांतपणे विचारलं. “पाहुण्यांना सांगता, तो अर्थ हाच का?”

त्यांना लाज वाटली, अगदी खरी. मान वळवून त्यांनी पाहिलं. बोटाच्या पेराएवढी लाल खाच, कडेला जरासा पू. त्यांच्या पुस्तकात हिला अर्धी ओळसुद्धा मिळाली नसती.

“एवढीशीच?” ते म्हणाले. आवाजात चक्क निराशा होती.

“एवढीशीच. पण दुखते मला. तुमच्या मुडद्यांना दुखत नाही, म्हणून तर ते तुम्हाला बघवतात. आता पुसा नीट.”