ओरिजिनल साहेब

ओरिजिनल साहेबांइतका कडवट माणूस मी चाकणच्या आमच्या गाड्यांच्या कंपनीत दुसरा पाहिला नाही. पेंट शॉपचे ते सुपरवायझर. कुणाच्या बारशाचे पेढे आले तरी आधी "साखर जास्त हाय" म्हणायचे, मग खायचे. जगात एकच गोष्ट त्यांना निर्दोष वाटायची: नव्वदीतला एक हिंदी पॉप अल्बम. नाचाची आठ गाणी. तरुणपणी देहूरोडला ते त्यावर नाचायचे. त्याचं रिमिक्स कानावर पडलं की "ओरिजिनल लावा!" म्हणून ओरडायचे, त्यावरून हे नाव पडलं.

जेवणाच्या सुट्टीत ते कॅन्टीनमध्ये मोबाईल डब्याला टेकवून तो अल्बम ओळीनं लावायचे. कुणी "साहेब, बदला की राव" म्हटलं, तर उत्तर ठरलेलं. "आठ गाणी हायेत. एक बी भरतीचं न्हाई. तुमच्या लाईनवर भरतीची माणसं किती हायेत, बघा."

माझं त्यांच्याशी वाजलं ते स्नेहसंमेलनाच्या तालमीत. मी लातूरहून आलेली, असेंब्ली लाईनवर नवी. सहा जणींचा नाच बसवत होते, त्याच अल्बममधल्या गाण्याच्या रिमिक्सवर. साहेब आले आणि सरळ स्पीकरची वायर उपटली.

"साहेब, तुमचा अल्बम कधीच मेलाय," मी चिडून म्हणाले.

"मग त्येचंच मढं घेऊन का नाचताय, मॅडम?"

मुली हसल्या. मला रडू आलं. मी एचआरकडे तक्रार केली आणि त्यांनी साहेबांना कार्यक्रमाच्या कमिटीतून काढलं. आमचं बोलणं बंद झालं.

त्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये मी हेडफोन लावून मूळ अल्बम ऐकला, फक्त खोड काढायला. निगडी आली तरी सापडेना. सिंथेसायझरच्या खाली दबकी ढोलकी होती. दुसऱ्या कडव्याआधी गायिका श्वास घेते, तो ऐकू येत होता आणि त्या श्वासावर पाय आपोआप उचलला जात होता. रिमिक्सवाल्यांनी तो श्वासच कापला होता. साहेब खरे ठरले याचा मला भयंकर राग आला.

पुढच्या वर्षी मी मूळ गाणं घेतलं आणि नाक मुठीत धरून साहेबांकडे स्टेप विचारायला गेले. "न्हाई," साहेब एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र तालमीच्या दारात उभे. तीन आठवडे रोज आले. "पाय हाय का ओंडका?" "ढोलकी ऐका, माझं तोंड बघू नका!" एकदाही शाबासकी नाही. एक मुलगी सोडून गेली. मीही त्यांना मनातल्या मनात रोज शिव्या घातल्या.

संमेलन कॅन्टीनमध्येच होतं; पहिल्या ठेक्यालाच अख्खं कॅन्टीन उठलं. विशीतले ट्रेनी, प्रेस शॉपमधले पिकल्या केसांचे कामगार, त्यांच्या बायका, सगळे नाचत होते. साहेब नव्हते. मुद्दाम शिफ्ट घेऊन ते पेंट शॉपमध्ये थांबले होते.

दोन महिन्यांनी ते रिटायर झाले. हार-नारळ झाल्यावर बसपाशी मला म्हणाले, "मॅडम, नाच चांगला झाला म्हणत्यात. मी मुद्दाम बघितला न्हाई. बघितला असता तर चुका सांगाव्या लागल्या असत्या."

"चुका नव्हत्याच, साहेब."

"त्ये तुमाला काय कळतंय?" म्हणाले आणि बसमध्ये चढले.

इतका राग आला, की निरोपाचा नमस्कार करायचाही राहून गेला.