तुळजाजीरावांची बाग आणि बंदी

तंजावरच्या नगरपालिकेच्या बागेवर तुळजाजीराव देखरेख करीत. कोणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. बागेत शेळी शिरली तरी हाकलण्याआधी ते तिच्या मालकिणीची ख्यालीखुशाली विचारीत. संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून रेडिओ ऐकवणं हे त्यांचं आवडतं काम.

समोरच मोहिद्दीन रावुत्तरांचं चटयांचं दुकान होतं. मशीद लांब, दिवस मावळल्यावरच्या नमाजाला वेळ थोडा. म्हणून ते रस्ता ओलांडून बागेतल्या कडुलिंबाखाली चटई अंथरीत. ते नमाजाला उभे राहिले की तुळजाजीराव आपण होऊन रेडिओचा आवाज कमी करीत.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या एका संध्याकाळी रेडिओवर सनईसारखं नागस्वरम् ऐन रंगात असताना आवाज असाच खाली आला, आणि निवृत्त तहसीलदार व्यंकटरमण अय्यर बाकावरून उठले. बाग सार्वजनिक आहे, इथे कोणी प्रार्थना करता कामा नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. तुळजाजीरावांना ते पटलं. सार्वजनिक म्हणजे माझीसुद्धा, असं रावुत्तर म्हणाले. तेही पटलं. घरी तुळजाजीरावांच्या पत्नी चंद्रमतीबाईंनी, मग ठरलं काय, असं विचारलं तेव्हा ते सांबारभात कालवत म्हणाले, की दोघांचंही बरोबर आहे.

नगरपालिकेला मात्र ठरवणं भाग होतं. कटकट नको म्हणून तिने बागेत सगळ्याच धर्मांच्या पूजाप्रार्थनेला बंदी केली आणि फाटकावर तसा फलक लावला. तुळजाजीरावांना हायसं वाटलं. आता नाही म्हणायचं ते फलक म्हणणार होता.

रावुत्तर दुकानाच्या अरुंद पायरीवर नमाज पढू लागले. कानाशी सायकलींच्या घंटा वाजत.

दुसऱ्याच दिवशी अय्यर नेहमीसारखे कारंज्यापाशी बसले, तळहातावर पाणी घेतलं आणि डोळे मिटले. तुळजाजीराव घुटमळत जवळ आले.

"मामा, हे पाणी तहानेचं की संध्येचं?"

अय्यरांनी एक डोळा उघडला. तोंडात गायत्री असताना खोटं कसं बोलणार? ते तरातरा घरी निघून गेले.

बागेतल्या पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या नागलक्ष्मी अम्मा मात्र पोचलेल्या होत्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणाल्या. पिंपळाभोवतीच, असं तुळजाजीरावांनी विचारलं. तर कुठे चालायचं ते डॉक्टर बोलले नाहीत, म्हणाल्या, आणि पुढची फेरी सुरू केली. बघता बघता तब्येतीसाठी चालणाऱ्या बायकांची पिंपळाभोवती दाटी झाली.

ही युक्ती तुळजाजीरावांना फार आवडली. त्यांनी रावुत्तरांना हळूच सुचवलं, की पाठदुखीवर वाकण्याचा व्यायाम असतो, तो बागेत करायला कोणाची हरकत नाही.

"रायर, माझी पाठ ठणठणीत आहे," रावांना तमिळ वळणाने रायर म्हणणारे रावुत्तर शांतपणे म्हणाले. "मी नमाज पढतो. त्याला दुसरं नाव कशाला देऊ?"

तुळजाजीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिकडे अय्यरांचे घरी हाल चालले होते. संध्येला बसले की नातवंडं पाठीवर चढत, सून मध्येच भाजी कोणती करू विचारी. अखेर ते फाटकापाशी आले आणि नियम जरा सैल धरावा, असं पुटपुटले.

"कोणासाठी, मामा?"

अय्यरांनी फलकाकडे पाहिलं. "सगळ्यांसाठी," ते म्हणाले. मग घाईघाईने, "पण नागस्वरम् चालू असताना आवाज कमी व्हायचा नाही."

ही अट घेऊन तुळजाजीराव भीतभीत दुकानात गेले. रावुत्तर चकित झाले. आवाज कमी करा असं ते कधी म्हणालेच नव्हते. उलट तो एकदम बसला की त्यांचं लक्ष उडे. तुळजाजीराव तिथेच चटयांच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. सगळ्या भांडणाचं मूळ त्यांचा स्वतःचा भलेपणा होता.

फलक कोणी काढला नाही, वाचलाही नाही. दोघे बागेत पुन्हा येऊ लागले.

ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या पावसात एकदा आभाळ असं भरलं की सूर्य आहे की गेला ते कळेना, आणि वाऱ्यात मशिदीची बांगही ऐकू येईना. संध्येला सूर्य हवा होता, नमाजाला तो गेलेला. अजून आहे, अय्यर म्हणाले. गेला असावा, रावुत्तर म्हणाले. दोघांनी तुळजाजीरावांकडे पाहिलं. दोघांचंही बरोबर आहे, हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

"मावळला," ते म्हणाले, आणि दोघांनीही मुकाट्याने ऐकलं.