गाडीचा धर्मपिता

निकानोरा विल्का गावाहून ओरुरो शहराच्या बाजारात स्वतःचा तराजू घेऊन जायची. चीज विकणाऱ्या बाकीच्या बायका हसत. तिचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याचा तराजू दुसऱ्याचीच बाजू घेतो. बसमध्ये ती मांडीवरच्या तराजूवर हात ठेवून डोळे मिटायची, पण झोपायची नाही. नवरा गेला तेव्हा डॉक्टरने सांगितलेलं कारणसुद्धा तिने आणखी दोघांकडून खरं करून घेतलं होतं.

अशा बाईने लोकरीसाठी पाळलेल्या लामा जनावरांचा कळप विकून गाडी घ्यायचं ठरवलं. बसवाले चीजच्या टोपल्या टपावर फेकत, उन्हात चीज पाझरे, आणि पोचेपर्यंत अर्ध्या मालाला गिऱ्हाईक नाक मुरडे. स्वतःची गाडी असली तर धंदा टिकणार होता. नाही टिकला तर पुढच्या वर्षी विकायला कळपही उरणार नव्हता.

गावात गाड्यांना तोटा नव्हता. जपानात वापरून झालेल्या गाड्या शेजारच्या चिली देशाच्या बंदरात उतरत. तिथे उजवीकडचं स्टिअरिंग इकडच्या रीतीप्रमाणे डावीकडे बसवत, आणि मिठाच्या वाळवंटातून, जकात न भरता, त्या इकडे येत. त्यांना नंबरप्लेट नसे. त्या गावात फिरत, शेतावर जात, आणि तपासणी नाक्याच्या अलीकडूनच मागे वळत. निकानोराला तशी गाडी नको होती. तिला ओरुरोला जायचं होतं. तिला कागद हवे होते.

गावात गाड्या विकणाऱ्या गुमर्सिंदो मामानीकडे कागद होते. पांढरी, लांब पाठीची गाडी होती, नंबरप्लेटसकट. निकानोराने बॉनेट उघडायला लावलं. इंजिनाजवळच्या पट्टीवर कोरलेला नंबर तिने बोटाने चाचपला आणि कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहिला. जुळला. जुळला म्हणून तिला जास्तच शंका आली.

"कागद काय, कुणीही छापतो, भाऊ," ती म्हणाली.

गुमर्सिंदो म्हणाला, मग कशावर विश्वास ठेवणार, ते तूच सांग.

तिने रात्रभर विचार करून ठेवला होता. गावात नवी गाडी घरी आली की तिचं बारसंच होतं म्हणा ना. रंगीत कागदाच्या माळा घालतात, बॉनेटवर बिअर ओततात, चारही चाकांना दारू शिंपडतात. त्या दिवशी एक माणूस गाडीचा धर्मपिता होतो. तो आणि मालक मग जन्माचे कोम्पाद्रे होतात; बाई असली तर कोमाद्रे. एकमेकांच्या घरी जेवतात, अडीअडचणीला उभे राहतात. कोम्पाद्रेला फसवणाऱ्याच्या ताटात गावात कुणी वाढत नाही.

"तूच हो धर्मपिता," ती म्हणाली.

गुमर्सिंदो जरा जास्तच वेळ हसला. मग टोपी काढून केसांतून हात फिरवला आणि हो म्हणाला. ते जास्तीचं हसू निकानोराने मनात बांधून ठेवलं. पण त्याचा विचार करेपर्यंत बारसं होऊन बिअर ओतून झाली होती. कोम्पाद्रेकडे परत कागदांचा पुरावा मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. दुसऱ्याला बांधायला घेतलेल्या दोरीचं दुसरं टोक आपल्याच गळ्यात आहे, हे तिला तेव्हाच कळलं. तिने गाडी चालवायला घेतली.

पावसाळ्यानंतर नाक्यावर जकातीचा एक तरुण अधिकारी उभा होता. त्याने आधी नंबर पाहिलाच नाही. उजव्या सीटपुढची चटई उचलली. खाली पत्र्याचा एक गोल तुकडा झाळून बसवलेला होता. मग त्याने बॉनेट उघडलं आणि कोरलेला नंबर जवळच्या यादीशी ताडला.

"मावशी, स्टिअरिंग इथे होतं," तो म्हणाला. "अशी गाडी या देशात आणायलाच बंदी आहे. हे कागद भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीचे आहेत. नंबर घासून नवा कोरलाय."

निकानोराने बॉनेटपासून टपापर्यंत सगळं पाहिलं होतं. चटई उचलली नव्हती.

गाडी सुटणार नाही, त्याने सांगितलं. पण विकणाऱ्याचं नाव दिलं तर खटला त्याच्यावर जाईल. नाही दिलं तर चोरट्या मालाची मालकीण तीच. दोन दिवसांनी जबाब द्यायला यायचं.

ती चीजच्या टोपल्या घेऊन बसने परतली.

संध्याकाळी गुमर्सिंदो स्वतःहून दारात आला. बातमी त्याच्याआधी गावात पोचली होती. तिने त्याला बसवलं, समोर बटाट्याचं सूप ठेवलं. कोम्पाद्रेला उपाशी ठेवत नाहीत.

"तुला माहीत होतं?"

त्याने चमचा वाडग्यातच ठेवला. "कोमाद्रे, त्या किमतीत खरे कागद कुठे येतात? मला वाटलं, तुलाही ठाऊक आहे. धर्मपिता हो म्हणालीस, तेव्हा वाटलं, सगळं जाणून मला बांधून घेतेयस. उद्या काही झालं तर हा उभा राहील म्हणून."

तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. खोटं दिसलं नाही. खरंही दिसलं नाही.

"मग राहा उभा," ती म्हणाली. "मी तुझं नाव घेणार नाही. कोम्पाद्रेचं नाव मी सरकारपुढे घेतलं तर गाव मला सोडेल. तूच येऊन सांग."

तो सूप संपवून गेला. हो म्हणाला नाही.

जबाबाच्या दिवशी तो बसस्टॉपवर होता. स्वच्छ टोपी घातली होती. निकानोरा खिडकीशी बसली, पण बाहेर पाहिलं नाही. प्रत्येक थांब्याला तिची नजर त्याच्या पायांवर होती. तो उतरला नाही. नाक्यावर मात्र तिच्याआधी उतरला.

"गाडी मी विकली," त्याने अधिकाऱ्याला सांगितलं, आणि दोन्ही आडनावांसकट पूर्ण नाव दिलं.

अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितलं. गुमर्सिंदोचा हात खिशात गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. निकानोरा त्या खिशाकडे पाहत होती. मग कार्ड बाहेर आलं. अधिकाऱ्याच्या खांद्यावरून वाकून तिने ते स्वतः वाचलं.

नाव तेच होतं.

गाडी कुंपणाच्या आत धुळीत उभी होती. ती आता सरकारची. निकानोराने जबाबावर अंगठा दिला नाही. सही केली, आणि त्याआधी अधिकाऱ्याला तो दोनदा वाचून दाखवायला लावला.